चौथीपर्यंत पोचलेले अठरा : महाडचा मार्च आणि कर्जत-खालापूरची वर्गखोली

महाड म्हटले की आपल्याला पाणी आठवते. आठवायलाच हवे. पण ज्या ठरावाच्या बळावर बाबासाहेब चवदार तळ्याकडे निघाले, तो ठराव एकट्या पाण्याचा नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा होत्या, तशाच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. सप्टेंबर महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना त्याच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला आणि तळे होते तसेच राहिले. शाळांचेही फारसे वेगळे झाले नाही. फरक इतकाच की तळ्यासाठी हजारो लोक एकत्र चालत गेले, म्हणून त्याची तारीख आपल्या भिंतीवर आहे. वर्गातली लढाई मात्र एकेका पोराने एकट्याने लढली. तिची तारीख कुठे लिहिलेली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. हा आपलाच जिल्हा. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाण्यात होता, नंतर तो कुलाब्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. या परिषदेने मृत जनावरांच्या मांसापासून बोले ठरावाच्या अंमलबजावणीपर्यंत जे ठराव केले, त्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करावे, अस्पृश्यांच्या वसतिगृहांना मदत द्यावी, अशाही मागण्या होत्या.

त्याच्या आठवडाभर आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. या भाषणाची चळवळीत जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. त्यांनी तिथे एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. या वेगाने शाळेच्या वयाच्या सगळ्या मुलग्यांना शिक्षणाखाली आणायला ४० वर्षे लागतील आणि मुलींना ३०० वर्षे. आणि त्याच्या जोडीला त्यांनी प्राथमिक शिक्षणाची व्याख्याच बदलून टाकली. मूल शाळेच्या दारातून आत आले म्हणजे काम झाले असे नाही. आत आलेले मूल जन्मभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा उद्देश असल्याचे त्यांनी सरकारला बजावले.

म्हणजे मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब एकाच वेळी दोन प्रश्न विचारत होते. आत कोणाला घेता, हा एक. आणि आत घेतलेल्याचे पुढे काय करता, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण कायद्याने मिळवले. दुसऱ्याचे उत्तर आजही शिक्षकाच्या स्वभावावर सोडलेले आहे. बाई चांगल्या असल्या तर पोरगी शिकली, नसल्या तर नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या कोणत्याही वाडीशाळेत जाऊन बसा, हा दुसरा प्रश्न समोर येतो. फक्त तिथे तो आता बौद्धवाड्यातल्या पोराच्या रूपाने कमी येतो आणि कातकरीवाडीतल्या पोराच्या रूपाने जास्त.

थोडे मागे जाऊ या. १८५६ हे साल खोपोलीकरांना रेल्वेमुळे माहीत असते. पळसदरीवरून खोपोलीपर्यंतची गाडी त्या साली सुरू झाली. बोरघाट फोडायला आणखी काही वर्षे लागणार होती, तोवर मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरे आणि पुढे घाट चढे. त्या गाडीत दर्जा पैशाने ठरत होता. तिकीट असेल तर महार आणि वाणी एकाच डब्यात बसत. त्याच वर्षी जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही, अर्ज मात्र सरकारी अहवालात राहिला आणि बाबासाहेबांनी १९२८ मध्ये तो उकरून काढला.

सरकारचे उत्तर वाचण्यासारखे आहे, कारण त्याची भाषा अजून जिवंत आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले. पण प्रश्न व्यवहारात फार अवघड आहे. एकट्या मुलासाठी बाकीच्यांवर ही संगत लादली तर शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी होईल. म्हणून प्रवेश देता येत नाही. कलकत्त्याच्या सरकारने दुसऱ्या वर्षी कळवले की बंगालमध्ये या मुलाला बहुधा नाकारले नसते. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सगळ्या वर्गांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. तोवर अर्ज करणाऱ्या मुलाच्या वयात दोन वर्षांची भर पडली होती.

‘न्याय तुझ्या बाजूला आहे, पण व्यावहारिक अडचण आहे.’ हे वाक्य मी मुद्दाम सोपे करून लिहिले आहे, कारण पुढे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे. १८८२ च्या हंटर कमिशनने खुल्या शाळांचे तत्त्व उचलून धरले, पण ते सावधपणे अमलात आणावे अशी पुस्ती जोडली आणि जिथे विरोध असेल तिथे वेगळ्या शाळा किंवा वेगळे वर्ग सुचवले. बाबासाहेबांनी दिलेल्या आकडेवारीप्रमाणे १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत ‘खालच्या जातीं’ची मुले एक टक्कासुद्धा नव्हती. पंचवीस वर्षांच्या सावधपणाचे फळ ते एवढे.

याच कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण ही त्यातली मागणी सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातला शिक्षकाविषयीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. जोतीरावांना प्राथमिक शाळेत असा शिक्षक हवा होता जो शेतकऱ्यांच्या जातींतून आलेला असेल, लोकांत मोकळेपणाने मिसळेल आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाही. वर्गात काय घडते ते कायद्याच्या मजकुरावर जितके ठरते त्याहून जास्त फळ्यापाशी कोण उभा आहे यावर ठरते, हे त्यांना स्वतः शाळा चालवून कळले होते. त्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापून आणत होती. धारवाडच्या अर्जाच्या आदल्या वर्षी! एका सरकारला मुलाला आत घेणेही अवघड वाटत होते आणि तिकडे पुण्यात चौदा वर्षांची मुलगी पेशवाईचा हिशेब मागत होती. अडचण व्यावहारिक होती की नव्हती ते यावरून ठरवा.

आता वर्गाच्या आत जाऊ. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. प्रवेश झाला, म्हणजे बोले ठरावाच्या तेवीस वर्षे आधी पहिला प्रश्न सुटला होता! पण बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले ते या प्रवेशानंतरचे आहे. वर्गात कोपऱ्यात एकटे बसायचे. बसायला स्वतःचे तरट. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावणार नाही, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर बाकीची मुले गुरुजींना विचारून नळ सोडू शकत, याच्यासाठी नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही.

या शाळेत प्रेमळ माणसे नव्हती असे नाही. आंबेडकर गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी या विद्यार्थ्याला देत. पेंडसे नावाच्या शिक्षकांनी पावसात भिजून आलेल्या या मुलाला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ घालवली आणि कोरडे नेसायला दिले. बाबासाहेबांनी या दोघांची आठवण कृतज्ञतेने ठेवली. पण तरट तिथेच राहिले आणि नळही तसाच राहिला. पुढे मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कुलात, त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा मुलांनी आधी धावत जाऊन फळ्यामागचे आपले डबे उचलले. इथे शाळा सरकारी, मुंबई आधुनिक आणि शिक्षकानेच फळ्याकडे बोलावलेले. तरीही.

म्हणून ‘शिक्षक संवेदनशील हवा’ एवढ्या उपदेशाने माझे समाधान होत नाही. सगळी प्रशिक्षणे या एका शब्दावर येऊन थांबतात. पेंडसे गुरुजी संवेदनशील होतेच. नियम बदलायला संवेदनेपेक्षा जास्त काहीतरी लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि मुलांना सरसकट सरकारी शाळांत घ्यायचा हुकूम काढला. कोणाच्या भावना दुखावतील याची त्यांनी चौकशी लावली नाही.

ब्रिटिश मुलुखात असा हुकूम निघाला नाही, समित्या निघाल्या. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते आणि मार्च १९३० मध्ये तिचा अहवाल आला. त्यातले निरीक्षण असे : सार्वजनिक सोयींवरचे हक्क कागदावर देता येतील, पण अस्पृश्य ते बजावायला गेले की आधी मारहाणीची भीती, मग जमीन काढून घेणे, मजुरी बंद करणे आणि गावाचा बहिष्कार. पोट दुसऱ्याच्या हातात असलेल्या माणसाचा हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो. या समितीचे पूर्ण नाव मात्र आपण विसरतो. ती एकट्या अस्पृश्यांची समिती नव्हती. अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी जमाती अशा दोघांसाठी ती नेमली होती. दोघांना एका अहवालात बसवण्यात सरकारची सोय असेल. पण त्या अहवालाखाली सही करणाऱ्या बाबासाहेबांच्या नजरेसमोर महाराच्या पोराबरोबर आदिवासीचे पोरही होते, हे कर्जत-खालापूरच्या भीमसैनिकाने ध्यानात घ्यावे असे आहे.

कारण आपल्या या दोन तालुक्यांत इतिहासाने एक विचित्र गोष्ट केली आहे. १९५६ नंतर बौद्धवाड्यांनी शिक्षण धरले. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत, त्यामुळे नोकऱ्या धरल्या. आज आपल्यातली किती मुले शिक्षक, ग्रामसेवक, रेल्वे कर्मचारी, वकील आहेत. त्याच गावाच्या कडेला, कधी दोन शेते सोडून, कधी डोंगराच्या पायथ्याला, ठाकरवाडी आणि कातकरीवाडी आहे. एके काळी जंगलात खैराचा काथ पाडणारा कातकरी वनकायद्यांनी जंगलाबाहेर पडला, मग कोळशाच्या भट्ट्यांवर गेला आणि आता विटांच्या भट्टीवर जातो. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींत कातकरी आहे. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. वाडीखालची जमीन अनेकदा दुसऱ्याच्याच नावावर असते आणि फार्महाऊसवाल्यांनी जमिनीचे भाव चढवल्यापासून तीही पायाखालून सरकते आहे. स्टार्ट समितीने वर्णन केलेला, पोट दुसऱ्याच्या हातात असलेला माणूस आज इथे कोण आहे, हे सांगायला नको.

शाळेत हे सगळे पहिल्याच तासाला दिसते. पोर वर्गात येते आणि आपणहून मागे जाऊन बसते. त्याला कोणी तिथे बसवलेले नसते. शेजारची मुलगी बाईंना सांगते, ‘मला हिच्याजवळ नको, वास येतो.’ बाई भांडण नको म्हणून जागा बदलून देतात. झाले. साताऱ्याचे तरट परत आले, आणि ते कोणी अंथरले हे कोणालाच सांगता येणार नाही. १८५६ च्या सरकारप्रमाणेच बाईंच्याही मनात न्याय त्या पोरीच्या बाजूला आहे. फक्त व्यावहारिक अडचण आहे.

इथे शिक्षकाने काय करावे? माझे म्हणणे आहे की जागेचा निर्णय मुलांच्या आवडीवर ठेवूच नये. दर सोमवारी बसण्याचा क्रम बदलायचा, सगळ्यांचा, आणि तो वर्गाचा नियम असायचा. मग ‘हिच्याजवळ नको’ या वाक्याला उत्तर द्यायची वेळच क्वचित येते. नियम एकट्या कातकरी पोरीसाठी केला तर तो तिच्या अंगावर येतो, सगळ्यांसाठी केला तर कोणाच्याच नाही. स्वच्छतेचेही असेच. ‘उद्या आंघोळ करून ये’ हे वाक्य सगळ्या वर्गासमोर ज्या पोराला ऐकवले जाते, त्याच्या वाडीत मार्च-एप्रिलमध्ये प्यायचे पाणी कुठून येते हे बाईंना माहीत असते का? कोकणातला धो धो पाऊस पडून गेल्यावर आपल्या डोंगरवाड्यांवर डोक्यावरून हंडे वाहायची पाळी येते. शाळेत पाणी असेल तर शाळेतच हातपाय धुवायची वेळ ठेवा, सगळ्या मुलांसाठी.

शिवीचे प्रकरण त्याहून नाजूक. ‘ए कातकरी’ ही आपल्याकडे शिवी म्हणून वापरतात, बावळट, अस्वच्छ या अर्थाने. आपल्या वाड्यातली पोरेही वापरतात, हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते खरे आहे. जमातीचे नावच शिवी झाले की त्या पोराला स्वतःचे नाव सांगायची सोय उरत नाही. आपल्या आजोबांनी ‘महार’ या शब्दाचा असाच वापर ऐकला होता. वर्गात अशी शिवी दिली गेली आणि शिवी खाणाऱ्याने गुद्दा मारला, तर बहुतेक शिक्षक दोघांना उभे करतात, दोघांना ‘सॉरी’ म्हणायला लावतात आणि हात मिळवून देतात. हा न्याय दिसायला समान आहे. पण त्यातून मुलगा शिकतो की शिवीची आणि गुद्द्याची किंमत एकच, आणि गुद्द्याची आई-बापांकडे तक्रार जाते, शिवीची जात नाही. आधी शिवीचा निकाल लावायला हवा, वेगळा आणि स्पष्ट. मग मारामारीचा. आठ वर्षांच्या मुलाला जातीयवादी ठरवून त्याच्यावर चढण्यातही अर्थ नाही. तो शब्द त्याने घरी ऐकला आहे. त्या शब्दाचा अर्थ काय, कातकरी कोण, काथ कसा बनायचा, हा त्या आठवड्याचा परिसर अभ्यासाचा धडा होऊ शकतो. पुस्तकात नसला तरी वाडीतली एखादी आजी तो शिकवू शकेल.

भाषेविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण यावर आपल्यातच मतभेद आहेत. प्रमाण मराठी मिळवण्यासाठी आपल्या आई-बापांनी कष्ट केले, त्यामुळे ‘बोलीत शिकवा’ म्हटले की आपल्याला पोरे मागे ठेवण्याचा डाव वाटतो. ही शंका अगदी निराधार नाही. पण कातकरी बोली बोलणारे सहा वर्षांचे पोर पहिल्या दिवसापासून ‘अशुद्ध बोलतोस’ ऐकते आणि गप्प होते. गप्प पोराला प्रमाण मराठी येत नाही आणि कोणतीच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तितके मातृभाषेतून शिकवा म्हणते. निदान पहिली-दुसरीत त्या बोलीतले उत्तर बरोबर धरावे, मराठी शब्द त्याच्या शेजारी ठेवावा.

आणखी एक रोजची गोष्ट. शिष्यवृत्ती, मोफत गणवेश किंवा मुलींच्या उपस्थिती भत्त्याचे काम निघाले की ‘एससी-एसटीवाले उभे राहा’ ही हाक. अर्ज भरायला शिक्षकाला माहिती लागते हे मान्य. पण ती प्रवेश रजिस्टरात असते. हाक कशासाठी? पहिली ते चौथीच्या मुलीला दिवसाला एक रुपया मिळावा म्हणून तिला रोज बसणाऱ्या मैत्रिणींसमोर वेगळे उभे करायचे, हा सौदा महाग आहे. गंमत म्हणजे हजेरीपटावर वाघमारे आणि जाधव ही आडनावे आपल्यातही असतात आणि कातकऱ्यांतही. नुसत्या नावावरून कोण कुठल्या वाडीचा ते कळत नाही. मुलांना ते कळते या हाकेमुळे.

खिचडीच्या रांगेकडेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरमध्ये शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना प्राधान्य द्यावे असेही सांगितले. त्यामागचा विचार बाबासाहेबांच्या तरटाशी जोडलेला आहे : मुलाने पाचव्या-सहाव्या वर्षी कोणाच्या हातचे खाल्ले हे त्याच्या मनात जन्मभर राहते. आपल्या शाळेत खिचडी कोण शिजवते? कातकरी बाई आहे का? विचारून पाहावे.

हे सगळे सांगितल्यावर शिक्षकांवर अन्याय नको. वाडीवरची शाळा म्हणजे बहुतेकदा दोन शिक्षक आणि चार इयत्ता. एक शिक्षक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसरा चारही वर्ग एका खोलीत सांभाळतो, शिवाय मोबाइलवर माहिती भरतो. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. डोंगरवाडीच्या सहा वर्षांच्या पोराला ‘जवळच्या’ मोठ्या गावच्या शाळेत पाठवणे म्हणजे काय ते पावसाळ्यात ओढा ओलांडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पट कमी आहे म्हणून शाळा परवडत नाही, ही जुनीच व्यावहारिक अडचण नवा कोट घालून आली आहे.

आणि काही प्रसंग असे की ज्यांना कोणतेच प्रशिक्षण पुरत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. वाडीतली काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. ती मुले वर्गात होती, घर नव्हते. अशा मुलांना काय सांगायचे, पाऊस जोरात आला की घाबरणाऱ्या पोराला जवळ घ्यायचे की धडा पुढे न्यायचा, मयत भावंडाचे नाव घ्यायचे की टाळायचे? मला वाटते टाळू नये. मुले गप्प बसतात ती मोठी माणसे गप्प बसतात म्हणून. पण त्यासाठी शिक्षकाला त्या मुलांची वाडी, त्यांची नाती, त्यांचे मरणाचे विधी माहीत असावे लागतात. जोतीरावांना लोकांत मिसळणारा शिक्षक हवा होता तो यासाठीही.

आता त्या ८२ मुलांकडे येतो. आपल्या सरकारी भाषेत त्यांना ‘गळती’ म्हणतात. शब्द मोठा सोयीचा आहे. छप्पर गळते, माठ गळतो, त्यात कोणाचा हात नसतो. कातकरी पोर मात्र गळत नाही. दिवाळीनंतर मुकादम उचल देतो, भट्टीवर नेणारे टेम्पो वाडीवर लागतात, आई-बापांबरोबर पोरही जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. जूनपासून दिवाळीपर्यंत जेमतेम चार महिने शाळा. परत आले की वर्ग पुढे गेलेला, म्हणून मागचा बाक. दोन वर्षे असे झाले की ते येईनासे होते. यातली प्रत्येक पायरी कोणाच्या तरी निर्णयाने घडते. मालकाच्या, मुकादमाच्या, शाळेच्या आणि आपल्यासारख्या बघणाऱ्यांच्याही. वसई-भिवंडीकडे विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवून हे थांबवता येते ते दाखवले होते. शासनाने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृहे आणली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेची, जबाबदारी आहे. वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारीही त्याच कलमात तिच्यावर टाकली आहे. कलम १७ मारणे आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालते. ‘आंघोळ करून ये’ चारचौघांत ऐकवणे मानसिक छळात बसते की नाही, यावर वाद करायला मी तयार आहे.

आपली चळवळ शाळेत जाते, नाही असे नाही. सरस्वतीच्या तसबिरीपुढे आपल्या मुलाला हात जोडायला लावले की आपण जातो, आणि बरोबरच जातो. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, असे संविधानाचे कलम २८ सांगते. १४ एप्रिलला शाळेत जयंती झाली नाही की आपण मुख्याध्यापकांना निवेदन देतो. पण तसबिरीवरून जितक्या वेगाने निवेदन निघते तितक्या वेगाने बाकावरून निघत नाही. कारण मागच्या बाकावर आता आपले पोर नसते. बोले ठरावाने शाळा ‘महारांसाठी’ खुल्या केल्या नव्हत्या, सार्वजनिक म्हणून सगळ्यांसाठी खुल्या केल्या होत्या. महाडला आपण पाणी प्यायला गेलो ते पाणी आपल्याला नव्याने कळले म्हणून नव्हे, माणूस म्हणून आपला हक्क सिद्ध करायला. तो हक्क कातकरी पोरासाठी सिद्ध करायला आपण गेलो नाही तर कोण जाणार? त्याचा बाप भट्टीवर आहे.

काम कुठून सुरू करायचे तेही कायद्यात लिहिलेले आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या गावच्या समितीची यादी मागा. कातकरी पालकांची नावे आहेत का, असली तर त्यांना बैठकीचा निरोप वाडीवर जातो का, की रजिस्टरवर अंगठा घरी जाऊन घेतला जातो, हे पाहा. बैठक भट्टीच्या महिन्यांत ठेवली तर तो पालक येणार कसा? ती दिवाळीआधी ठेवायला लावा. त्याच बैठकीत विचारा : या वर्षी कोणती मुले बाहेरगावी जाणार, त्यांना हमी कार्ड दिले का, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला का. टेम्पो वाडीवर लागायच्या आत ही उत्तरे हातात असली पाहिजेत.